अंबारखान्यातला अंधार

कोळंबगडाच्या पश्चिम कड्यावरचे धुके उतरू लागले, तशा माचीला विळखा घालून बसलेल्या गनिमाच्या राहुट्या एकेक करून दिसू लागल्या, आणि वेढ्याचा पाचवा महिना उजाडला. गडावर आज कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. काल दिवेलागणीला पश्चिम बुरुजाला शिडी लागली आणि दहा हातांवर पहाऱ्याला असलेल्या लुमाजी खांबट्याने हाकसुद्धा दिली नाही. शिडी उलथवताना दोन गडी पडले. सूर्य कासराभर वर आला की फितुरीबद्दल लुमाजीचा कडेलोट व्हायचा होता.

गिरमाजीबुवा वैद्य जखमींच्या पट्ट्या बदलत होते. समोरच्या अंधाऱ्या बोळातून लुमाजीला आणले, तेव्हा तो भिंत चाचपत, पाय घासत आला. उन्हात पाऊल पडताच मात्र ताठ चालू लागला. बुवांच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्यांनी उठून त्याच्या पापण्या वर केल्या. बुबुळाशेजारी फेसासारखे पांढरे ठिपके होते.

"सांजेला कधीपासून दिसत नाही?"

"महिना झाला, बुवा," लुमाजी पुटपुटला. "बोललो असतो तर पहारा काढून जात्यावर बसवलं असतं. पोरं म्हणाली असती, आली दळणवाली."

चार महिने गडावर नाचणीची भाकरी आणि मीठ. पालेभाजी नाही, दूध नाही. बुवा तडक किल्लेदाराकडे गेले आणि म्हणाले, लुमाजीला सांजेला दिसतच नाही; मी खोटा ठरलो तर त्याच्यामागून मलाही ढकला.

किल्लेदार सुभानराव ढमाले हसले. "फितुरीवरही काढा निघाला म्हणायचा, वैद्यबुवा."

तरीही ते परीक्षेला आले. धान्याच्या ओस पडलेल्या, अंधुक अंबारखान्यात तिघेच शिरले. उंबरठा ओलांडताना सुभानरावांचा हात चौकट शोधत हवेत फिरला, तो बुवांनी पाहिला. पहाऱ्यावरच्या शिपायाच्या ताटात असेल तेच आपणही खायचे, ही या किल्लेदाराची शिस्त साऱ्या गडाला ठाऊक होती.

बुवांनी हात वर धरला. हातात काय आहे ते लुमाजीला दिसेना.

"हे सोंग कोणालाही येतं," सुभानराव म्हणाले.

"मग सरकारांनीच सांगावं, काय आहे?"

सुभानरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. हे गुपित जाणणारे दोघे इथेच संपले असते, तर बाहेर विचारणारे कोणी नव्हते. बुवा जागचे हलले नाहीत.

"हात रिकामा आहे, सरकार. आजार एकट्या लुमाजीचा नाही. आणखी किती पहारेकरी असे आहेत, देव जाणे."

सुभानराव बाहेर आले आणि जमलेल्या गडकऱ्यांपुढे म्हणाले, "सांज झाली की मलाही दिसत नाही. आणखी कोणाकोणाला दिसत नाही, ते आज लाज सोडून सांगा."

एक हात वर झाला, मग दुसरा. चौदा झाले.

उपासमारीतही कोणी हात न लावलेला देवीच्या नावाचा बोकड त्याच दुपारी कापला गेला. रातांधळेपणावरचे औषध म्हणून त्याच्या काळजाचे, म्हणजे यकृताचे, चौदाच वाटे झाले. पंधरावा, स्वतःचा वाटा सुभानरावांनी करू दिला नाही. टाक्याकाठच्या शेवग्याचा पाला ओरबाडून सगळ्यांच्या भाकरीच्या पिठात मळला.

आठव्या दिवशी दिवेलागणीला लुमाजीची हाक गडभर घुमली. सुभानराव तलवार उपसून बुरुजावर धावले आणि कड्याखालच्या काळोखात पाहत त्यांनी हलकेच विचारले, "किती आहेत रे?"

"सात, सरकार," लुमाजी म्हणाला. "माझ्या खांद्याला धरा. दाखवतो."