दोन किल्ल्यांची खोली

"माझी लेक चोर आहे. पुरावा तेवढा शोधून द्या."

निवृत्त न्यायाधीशांनी हे इतक्या थंडपणे सांगितलं, की भाऊजींचा चहा बशीत हिंदकळला. शोधाची कामं घेत त्या वहिनी. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. नेहमी सोबत आणि नेहमी एक पाऊल मागे.

"आणि पुरावा मिळाला तर?" वहिनींनी विचारलं.

"मी माझ्या ग्रंथांप्रमाणे चालतो. लेकराने घोर अपराध केल्याशिवाय बापाला त्याचा वारसा तोडता येत नाही. आता अपराध झालाय. तिने घर सोडावं."

ग्रंथखोलीत रोमन कायद्यावरचे शेकडो वर्षांपूर्वीचे भाष्यग्रंथ होते. पानाच्या मधोमध मूळ कायद्याच्या चार ओळी, आणि चहूबाजूंनी वेलीसारखं दाट चढलेलं भाष्य. त्यातला सर्वांत मोलाचा ग्रंथ गेला होता. कुलूप शाबूत. किल्ल्या दोनच, बापलेकीकडे. ग्रंथाच्या जागी मऊ सुती कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा उभा होता.

"जागा भरलेली दिसावी म्हणून," न्यायाधीशसाहेब म्हणाले.

लेक आली ती फणकारतच. "मला काय करायचीत ही गाठोडी? बाबांच्या माघारी सगळी विकणार, हे मी तोंडावर सांगितलंय!" तिने एका ग्रंथाच्या पाठीत वरून बोट खुपसलं आणि तो खसकन ओढला.

"अगं, कणा उसवेल!" साहेब कळवळले.

तिने तो टेबलावर आपटला.

मग या ग्रंथांची बांधणी दुरुस्त करणाऱ्या बाइंडरची पाळी. सरसाचा वास भरलेल्या दुकानात तो म्हणाला, "गेला महिनाभर तो ग्रंथ माझ्याकडेच होता, बाई. पळवायचाच असता, तर परत कशाला दिला असता?"

"फळीवरचा एक ग्रंथ काढला, तर शेजारच्यांचं काय होतं?"

"कलतात बिचारे. बांधणी वाकते."

वाटेत भाऊजी पुटपुटले, "लेकच हो, वहिनी. किल्ली तिच्याकडे."

"किल्ली आहे, भाऊजी. ग्रंथांची माया कुठंय?"

संध्याकाळी वहिनींनी बापलेकीला समोरासमोर बसवलं.

"कापडातला ठोकळा ग्रंथासारखा दिसत नाही, साहेब. त्याने कोण फसणार? तो ठेवला शेजारचे ग्रंथ कलू नयेत म्हणून. कापड गुंडाळलं ओरखडा पडू नये म्हणून. चोरी करताना मागे राहिलेल्यांना जपणारा हा चोर! बाइंडर जपेल, पण त्याच्याकडे किल्ली नाही, आणि ग्रंथ तर त्याने हातचा परत केलेला. लेकीकडे किल्ली आहे, पण तिचं जपणं आपण पाहिलं. किल्ली आणि जपणूक, दोन्ही या घरात एकाच माणसाकडे आहेत."

भाऊजी साहेबांकडे वळले. "साहेब... तुम्ही?"

"वारसा तोडायला अपराध हवा होता," वहिनी हलकेच म्हणाल्या. "लेक करीना, म्हणून बापाने केला. ग्रंथ याच घरात असेल. तो बाहेर धाडायला तुमचा जीव धजणार नाही."

साहेबांची नजर नकळत आपल्या निजायच्या खोलीकडे गेली, आणि तिथेच थिजली.

लेकीचा रंग पार उडाला होता.

"तू विकले असतेस ते," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"हो, विकले असते. तुम्ही गेल्यावर." ती उठली. "तोवर मी इथेच राहणार होते, बाबा."