पायाशी शून्य

भूकंपाला अडीच महिने उलटले होते, तरी लातुरात जमीन अधूनमधून अंग झटकायची. शिकवण्या मात्र थांबल्या नव्हत्या. गल्लोगल्ली नव्या पाट्या लागत होत्या. कहकशांनेही गोलाईच्या बाजारामागच्या एका जुन्या तेलघाण्याच्या माडीवर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची अकरा मुलं-मुली जमवली होती.

मंगळवारी तिनं पार्शल डिफरन्शिअल समीकरणं काढली. फळ्यावर लिहिलं, u_x + 2u_y = 0. एक पाऊल उजवीकडे, दोन पावलं वर, अशा तिरप्या रेषेनं चालत गेलं की u बदलतच नाही. म्हणून उत्तर, u = f(y − 2x).

"पण मॅडम, हे f कोणतं, ते कुठं कळालं?" शिवगंगानं विचारलं. अर्धवट उत्तरावर ही पोरगी कधी उठायची नाही.

"अट दिल्याशिवाय कळत नाही. एका कडेला u किती ते सांगितलं, की रेषा धरून सगळीकडचं कळतं. उद्या देते."

बुधवारी सकाळी ती आजारी खालाला, आईच्या बहिणीला, बघायला अहमदपूरला गेली. परतीची एसटी चाकूरजवळ बंद पडली आणि शिकवणीची तीनची वेळ तिथंच झाली. सव्वातीनला उभी बस पाळण्यासारखी हलली. बायकांनी लेकरं छातीशी धरली. कहकशांच्या डोळ्यांपुढं माडीची वाळवी लागलेली तुळई उभी राहिली.

मिळेल त्या जीपनं ती पाचच्या सुमारास पोचली, पळतच गल्लीत शिरली.

माडी नव्हती. मातीचा ढीग होता, आणि त्यावर वाकून काही जण हातांनी माती उपसत होते. तिनं चेहरे ओळखले. शेषेराव, शिवगंगा, महानंदा... पुरे अकरा. नखं फुटलेली, पण सगळे धड. ती रस्त्यातच बसली आणि मोठ्यानं रडली.

शेषेरावनं मान वळवली. हातातली वीट तशीच राहिली.

"मॅडम, तुम्ही बाहेर कशा?"

मग कुणी हसलं, कुणी रडलं, महानंदा तिच्या गळ्यातच पडली. चहा आला. थोड्या वेळानं, एकेक करून, त्यांनी सांगितलं.

तीनच्या ठोक्याला मॅडम आल्या होत्या. अट लिहिली: y = 0 वर u = 0. भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, जमिनीलगतची कड म्हणजे y शून्य. प्रत्येक तिरपी रेषा तिथूनच वर निघते. मग f सगळीकडे शून्य.

"'पायाशीच शून्य, तर वर काय उरणार? वह्या घ्या, खाली चला,' म्हणालात," शिवगंगा हळू बोलली. "आम्ही उतरलो. तुम्ही दार लावायला मागं राहिलात. तेवढ्यात बसलं सगळं. तेव्हापासून तुम्हालाच मातीतून काढायलोय."

कहकशां म्हणाली, मी चाकूरला होते.

शिवगंगानं धुळीतली वही पुढं केली. u = 0. खाली लाल शाईची बरोबरची खूण, आणि कहकशांची सही. तिचीच, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच वर गेलेली.

तिनं सहीवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. शाई अजून ओली होती.