लाल हळद आणि आप्पांची विभूती

"चमत्कार! अगं बाई, हळदीचं कुंकू झालं!"

वत्सलाकाकूंची आरोळी पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली आणि पाच मिनिटांत अंगणात गर्दी झाली. ईश्वरीनं मोजलं : अठ्ठावीस माणसं. चार कामाची, बाकीची बघायला आलेली!

दुपारी चार वाजता काकूंच्या नातवाचं बारसं होतं. हळद कालवता कालवता काकूंनी त्याच ओल्या हातानं सिद्धेश्वरआप्पांनी पाठवलेली नवी विभूती चिमटीत धरली आणि पिवळी बोटं लालभडक झाली.

आप्पा म्हणजे ईश्वरीचे आजोबा. चाळीस वर्षं गावाला विभूती तेच पुरवत. गोवऱ्या जाळायच्या, राख सात पाण्यांनी धुवायची, फडक्यातून गाळायची, गोळे वाळवायचे. बारशाला ती बाळाच्या कपाळी लागे आणि चिमूटभर जिभेवर टेकवली जाई.

"आप्पा, तुमच्या हाताला देवाचा गुण हाय!" काकू म्हणाल्या. आप्पा खाली मान घालून उपरणं चाचपत राहिले.

इथंच ईश्वरीला शंका आली. आप्पांचं कौतुक झालं, की ते ऐकूच आलं नाही असं दाखवत. म्हणजे समोरचा पुन्हा एकदा करतो! आज त्यांनी एकदासुद्धा "काय म्हणालात?" विचारलं नव्हतं.

"सुरज, काहीतरी गडबड हाय," ती शेजारच्या सुरजच्या कानात कुजबुजली. "बसवेशला सांगू नको. त्याच्या पोटात काही राहत न्हाई."

"मी ऐकलंय!" मागून तिचा दहा वर्षांचा भाऊ ओरडला. झालं, तिघं निघाले.

घरी ईश्वरीनं तीन वाट्यांत हळदीचं पाणी घेतलं. पहिलीत चुना टाकला. लाल! दुसरीत कोनाड्यातल्या जुन्या विभूतीचा चुरा टाकला. पाणी पिवळं ते पिवळंच. तिसरीत नवी विभूती टाकली. रक्तासारखं लाल!

"म्हणजे देवानं केलं न्हाई?" बसवेशचा चेहरा पडला.

"हे चुन्यासारखं खारवट काहीतरी हाय. धुतलेल्या राखेत ते उरत न्हाई. ही राख धुतलेलीच न्हाई!"

शाळेचं सूक्ष्मदर्शक सुट्टीपुरतं प्रियदर्शनी मॅडमनी ईश्वरीच्या ताब्यात दिलं होतं. तिनं नव्या राखेचा कण काचपट्टीवर ठेवला, डोळा लावला आणि श्वास घ्यायचीच विसरली.

काचेचे मणी! शेकडो गोल, चकचकीत मणी. काही पोकळ, साबणाच्या फुग्यासारखे. काहींच्या पोटात आणखी इवले मणी.

"मला बघू दे ना! अगं, ह्या तर गोट्या!" सुरज पुटपुटला. त्याला एवढ्या हळू बोलता येतं, हे ईश्वरीला आजच कळलं. बसवेशला मण्यांमध्ये अर्धवट वितळलेला एक निळा कणही दिसला.

"गोवरी निळी असती का, ताई?"

नसते! राख वितळून मणी व्हायला मोठी भट्टी लागते, आणि तशी पिठासारखी बारीक राख गावात एकाच ठिकाणी मिळे : मोहनरावांच्या गुळाच्या कारखान्यात, धर्मापुरीच्या रस्त्याला. तिथल्या भट्टीत उसाचं चिपाड आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जळत. धुराड्यात जमलेली राख मोहनराव फुकट वाटत. कुणी ती कांद्याला टाकी, कुणी भांडी घाशी.

तिघांनी सायकली काढल्या. कारखान्याच्या मागं चिपाडाचा ढीग होता. सुरजनं वरचं चिपाड बाजूला सारलं. खाली चपला, फाटके फ्लेक्स, वायरी, घड्याळातले सेल! बसवेशनं त्यातलं थोडं पिशवीत भरलं.

"कावून आलात बे इकडं?" भट्टीवरचा सुग्रीव कमरेवर हात ठेवून उभा होता. पण माणूस मऊ. "चिपाड मिळंना झालंय, पोरांनो. मालक शहरातला कचरा आणतेत. सांगू नका कुणाला."

"आणि आमच्या आप्पांनी इथनंच राख नेली?"

"मागच्या सोमवारी. गुडघे दुखत्यात म्हणले, गोवऱ्या जाळणं होईना."

ईश्वरीची नजर राखेच्या ढिगावर गेली. तिथून एक पांढरा ओघळ उतारानं थेट गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या बारवेकडं निघाला होता.

तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम अंबाजोगाईला होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ईश्वरी, आग सगळं खाते असं आपल्याला वाटतं. पण शिसं, कॅडमियम असले धातू आगीला पचत नाहीत. रंगातून, सेलमधून ते सुटतात, धुराबरोबर वर जातात आणि त्या बारीक राखेला चिकटून बसतात. पुढं पाण्यात उतरतात. ती राख बाळाच्या तोंडात जाता कामा नये!"

पावणेचार!

ते पोचले तेव्हा पाळणा सजला होता. पुढच्या खुर्चीत पाहुणे म्हणून खुद्द मोहनराव बसले होते. ईश्वरी दारातच थांबली. सगळ्यांसमोर आप्पांची चूक कशी सांगायची? आणि न सांगायची तर बाळाचं काय?

पण मोहनरावांना चमत्कारात वाटा हवा होता. ते उठून खाकरले. "सांगायचं नव्हतं, पण सांगतो! आप्पांनी राख आमच्याकडूनच नेली. लई शुद्ध! चमत्कार आमच्या भट्टीचा हाय!"

आप्पांनी डोळे मिटले. ईश्वरीचे मात्र उघडले! तिनं विभूतीचं तबक उचललं.

"मग पहिला मान तुमचा, मोहनकाका! बाळाच्या आधी तुम्ही चिमूटभर जिभेवर ठेवा."

"मी? छे छे, मी आत्ताच जेवलोय."

"चिमूटभर विभूतीला भूक कशाला लागती?" सुरज म्हणाला.

"घ्या की, मोहनराव," काकूंनी आग्रह केला. सगळे बघू लागले. मोहनरावांची चिमूट तोंडाजवळ गेली, थांबली आणि खाली आली.

"घेणार न्हाईत ते!" बसवेशनं पिशवी पालथी केली. चप्पल, वायर आणि चार सेल मोहनरावांच्या पायाशी पडले. "भट्टीत हे जळतंय!"

काकूंनी झटकन नातवाला छातीशी धरलं.

मग आप्पा उठले. "चूक माझीबी हाय. गुडघ्याचं निमित्त केलं, गोवऱ्या न जाळता, राख न धुता विभूती दिली. नात नसती तर ह्या लेकराच्या जिभेवर मी काय ठेवलं असतं!"

मोहनरावांनी कपाळ पुसलं. राख बारवेपासून आजच उचलायची आणि भट्टीत कचरा पुन्हा घालायचा नाही, असं सगळ्यांदेखत कबूल केलं. बारवेचं पाणी तपासायला पाठवायचं, तोवर टँकर त्यांनीच आणायचा, हेही काकूंनी वदवून घेतलं.

बाळाच्या कपाळी कोनाड्यातली जुनी विभूती लागली. जिभेवर मात्र नुसता मध टेकवला. तसं आप्पांनीच सांगितलं. नाव ठेवलं युवराज.

पाहुणे पांगल्यावर आप्पांनी ईश्वरीच्या पाठीवर हात ठेवला. "तू मोठी झालीस, पोरी."

"काय म्हणालात, आप्पा?"

ते खो खो हसले आणि पुन्हा एकदा म्हणाले!

मग ईश्वरीनं जुन्या विभूतीचा कण काचेखाली ठेवला, फोनवर फोटो काढून मॅडमना पाठवला आणि उत्तर येताच हाक मारली.

"आप्पा, बघा!"

आप्पांनी चष्मा वर सरकवून डोळा लावला. मण्यांचा पत्ताच नव्हता. काचेसारखे लखलखते, दोन्हीकडं फुगीर, मध्ये निमुळते कण ओळीनं मांडलेले.

"ज्वारीच्या पानातली वाळू," ईश्वरी हळूच म्हणाली. मॅडमनी फोटो बघून तसंच कळवलं होतं. "ज्वारी ती पाण्यातनं शोषून पानात साठवती. कडबा गाईनं खाल्ला, शेण झालं, गोवरी झाली, आगीत जळाली. तरी पानानं घडवलेला आकार मोडला न्हाई."

आप्पांनी पुन्हा काचेला डोळा लावला. मग त्यांचे ओठ हलले.

"डमरू... चाळीस वर्षं कपाळाला लावतोय, आणि आत एवढे डमरू!"

"उद्या गोवऱ्या कुणी आणायच्या?" बसवेशनं विचारलं.

तीन हात एकदम वर गेले. चौथा आप्पांचा होता.