गुणवंताचा कंदील

आईनं कुलदीपला गोधडी आणायला पाठवलं होतं. काम म्हणावं तर एवढंच.

तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी होती ती. मधोमध कुलदीपच्या थोरल्या भावाच्या, गुणवंताच्या, शाळेच्या खाकी पँटचा एक चौकोन लावलेला. नदीकाठच्या कॅम्पवर नोकरीला जाताना गुणवंतानं ती उचलून नेली होती. आता गुणवंता नव्हता आणि गोधडी तिकडेच राहिली होती. यंदाची दिवाळी दारात पणती न लागताच गेली. मग संत्र्याचा तोडा सुरू झाला, सकाळी अंगणात धुकं उतरायला लागलं, आणि आईनं एकदम धोसरा धरला, की त्याची गोधडी घेऊन ये, थंडी पडून राहिली. थंडी कोणाला वाजत होती ते तिनं सांगितलं नाही, आणि कुलदीपनं विचारलं नाही.

मोहगावहून सौंसर, सौंसरला बस बदलून छिंदवाड्याचा रस्ता, आणि घाट लागायच्या आधी एका फाट्यावर उतरून पुढं पायी. सागाची मोठमोठी पानं वाटेवर पडून वाळली होती. पाय पडला की पापडासारखी मोडायची. त्या आवाजाशिवाय जंगलात दुसरा आवाज नव्हता. मग झाडं विरळ झाली आणि कन्हान नदी दिसली. हिरवी, संथ, काही घडलंच नसल्यासारखी.

कॅम्प अगदी काठाला होता. बांबूच्या चार-सहा खोल्या, वर गवताचं छप्पर, पाण्याशी उतरणारा दगडी घाट. नागपूर-भोपाळकडची माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून इथं पाणमांजरं पाहायला यायची. पाणमांजरं पलीकडच्या काठाला, खडकांवर. तिकडे पाण्यावर झुकलेल्या झाडाला एक मचाण बांधलेलं. पाहुण्यांना डोंग्यात बसवून, पाण्याचा चुबुक आवाजही होऊ न देता तिथवर नेणं आणि परत आणणं, हे गुणवंताचं काम. त्याच्या हातचा डोंगा चालतो की तरंगतो ते कळत नाही, असं म्हणायचे.

पावसाळा सरला, कॅम्प उघडला, आणि पहिल्याच आठवड्यात एका पाहुण्याची दुर्बीण मचाणावर राहिली. दिवेलागणीला ती आणायला गुणवंता एकटाच गेला. इथं आभाळ स्वच्छ होतं, पण वर पहाडात कुठंतरी पाऊस कोसळला होता. पाणी एकदम आलं. सकाळी डोंगा उपडा सापडला. गुणवंता नंतर सापडला, पार खाली, पुलापाशी.

त्याला घरी आणलं तेव्हा जाणत्या माणसांनी कुलदीपला दोन्ही दंडांना धरून ठेवलं होतं. चेहरा पाहू नको म्हणाले. त्यानं पाहिलं ते फक्त पांढरं कापड, आणि कापडावर त्याचा विश्वास बसत नव्हता. आठवीत शाळा सोडलेला पोरगा, डोक्यात आलं की आधी करायचं आणि मग पाहायचं, असा स्वभाव. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट रुतून बसली होती. दादाला एकदा पाहायचं. एकदाच.

कॅम्प चालवणाऱ्या जयश्री मॅडमनी त्याला चहा दिला. काय बोलावं ते त्यांना सुचेना, म्हणून दोनदा साखर विचारली. परतीची बस आता मिळायची नाही, आजची रात्र इथंच राहा म्हणाल्या. म्हातारा नावाडी भिवाजी त्याला गुणवंताच्या खोलीत घेऊन गेला. खाटेवर गोधडी घडी घालून ठेवली होती. खाटेखाली एक कंदील.

त्या कंदिलाचं काय ते भिवाजीनंच सांगितलं. घाटाच्या वरच्या पायरीपाशी दोन खांबांवर एक आडवं लाकूड होतं आणि त्याला खिळे. प्रत्येक नावाड्याचा एक खिळा, प्रत्येकाचा एक कंदील. दिवस कलल्यावर जो पाण्यावर जाईल त्यानं आपला कंदील लावून, खिळ्याला अडकवून जायचं. घाटावरच्यांना कळावं, की कोणीतरी बाहेर आहे. परत आल्यावर ज्याचा त्यानं उतरवायचा, ज्याचा त्यानं विझवायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दुसऱ्यानं विझवला तर त्याचा अर्थ एकच, की आता याची वाट पाहायची नाही. म्हणून त्या दिवशी गुणवंताच्या कंदिलाला कोणी हात लावला नव्हता. रात्रभर जळून, तेल सरून तो आपोआप विझला होता.

"आता त्या खिळ्यावर दुसरा येईन," भिवाजी सहज बोलून गेला. "मॅडमनं तिगावचा एक पोट्टा पाहून ठेवला."

कुलदीपच्या कानशिलात रक्त चढलं. भिवाजी स्वयंपाकघराकडे वळल्याबरोबर त्यानं कंदील बाहेर काढला, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, कोपऱ्यातल्या डब्यातलं तेल भरलं. सूर्य सागाच्या मागं गेला होता. नदीवर निळसर धुकं धरायला लागलं होतं. त्यानं वात पेटवली आणि कंदील नेऊन दादाच्या खिळ्याला अडकवला. हा खिळा त्याचा आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. मग गोधडी अंगाभोवती लपेटून तो खालच्या पायरीवर बसला.

पलीकडे खडकावर दोन पाणमांजरं खेळत होती. एकाएकी दोघांनी माना वर केल्या, खालच्या अंगाला पाहिलं, आणि पाण्यात न उतरता झुडपात पळाली.

मग आवाज आला. टक. टक.

डोंग्याच्या कडेला रेटायचा बांबू दोनदा आपटल्याचा. आलो, असं सांगायची गुणवंताची ती पद्धत होती. घरी यायचा तेव्हासुद्धा तो दाराच्या चौकटीवर बोटानं असंच दोनदा वाजवायचा. कुलदीपनं बाजूला पाहिलं. कॅम्पचे दोन्ही डोंगे साखळीनं बांधलेले, जागच्या जागी. नदीवर काही नव्हतं. तरी पाण्याला एक लांबट घडी पडली, घाटापर्यंत आली, आणि पायरीवर चुळकन फुटली. आणि वास आला, संत्र्याच्या सालीचा. डासांसाठी गुणवंता हातांना साली चोळायचा. त्याचे सगळे खिसे सालींनी भरलेले असायचे.

"दादा...?"

वरच्या पायरीवर कंदिलाची किल्ली किरकिरली. कुलदीपनं मान वळवली. वात खाली गेली, जराशी वर आली, पुन्हा खाली गेली, आणि विझली. अगदी दादा विझवायचा तसंच. एकदम विझवायचा नाई बे, त्याले सांगून विझवायचा, असं गुणवंता म्हणायचा. अंधारात कुलदीपच्या डोक्यावर काहीतरी टेकलं. ओलं, जड, ओळखीचं. त्याचे केस विस्कटले गेले, लहानपणी जायचे तसे.

नवल असं की त्याला भीती वाटली नाही. तो रडला, आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. सकाळी गोधडीचा एक कोपरा ओला होता.

त्यानं मॅडमना सांगितलं, की चार दिवस राहतो, हाताखाली पडेल ते काम करतो. घरी फोन करून आईला सांगितलं, गोधडी सापडली, घेऊन येतोच. मग दिवसभर पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या, पाहुण्यांच्या बुटांचा चिखल काढायचा, आणि दिवस कलला की कोणाचं लक्ष नाही पाहून घाटावर जायचं. रोज कंदील लागत होता. रोज टक टक होत होतं. कुलदीप पायरीवर बसून बोलायचा. आईचे गुडघे दुखतात, वासरू विकलं नाही, शेजारच्या प्रणालीचं लग्न ठरलं, तू तिच्याकडे पाहायचा ते मला ठाऊक होतं. बोलणारा एकटाच, पण ऐकणारा आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

शंका आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

पहिल्या दिवशी दिवा लावल्याबरोबर टक टक झालं होतं. मग थोडा उशीर लागला. मग आणखी. आधी फार खालून, वळणापलीकडून बांबू टोचल्याचा आवाज यायला लागायचा. थांबत, घसरत, पुन्हा जोर लावत तो जवळ यायचा. मधेच धाप लागल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं. संत्र्याचा वास कमी होत गेला आणि त्याच्याखालून चिखलाचा वास वर यायला लागला. डोक्यावरचा हात गारठत चालला. एका सकाळी कुलदीपनं गोधडी पिळली तर तिच्यातून धार लागली.

ती वाळत घालताना भिवाजीनं पाहिलं. गोधडीला लागलेला गाळ त्यानं बोटावर घेतला, हुंगला, आणि तिथंच बुडावर बसला.

"कंदील लावून राहिला तू?"

कुलदीपनं मान डोलावली.

भिवाजीला राग आला नाही. त्यानं आधी तंबाखू मळली, मग ती तशीच फेकून दिली. हळू आवाजात विचारलं, "तो आपल्याले कुठं भेटला होता?"

"पुलापाशी."

"तिथून इथवर उलटं पाणी हाय, बाबू. पूर्ण उलटं. दिवा लागला म्हणजे नावाड्याले यावंच लागते. तू रोज लावून राहिला, तो रोज येऊन राहिला. तिथून. एकटा."

कुलदीपच्या हातातलं गोधडीचं टोक सुटलं. रोज ऐकू येणारी ती धाप त्याला आता दिवसाढवळ्या ऐकू यायला लागली.

"मले तो पाहिजे, मामा."

"मालूम हाय."

"मी त्याचं तोंडसुदा नाई पाह्यलं."

भिवाजीनं गोधडीचं पडलेलं टोक उचलून वाळत टाकलं. मग म्हणाला, "त्याचा कंदील त्या दिवशी आम्ही कोणीच विझवला नाई. हिंमत नाई झाली. तिथंच चुकलं आमचं. आज लाव. आणि तो घाटाले लागायच्या आत तुझ्या हातानं विझव. तू सख्खा हाय त्याचा, तुझं ऐकन."

त्या दिवशी कुलदीप जेवला नाही. संध्याकाळी त्यानं काच रोजच्यापेक्षा जास्त वेळ पुसली. वात पेटवली. वाळलेली गोधडी मांडीवर घेऊन तो वरच्या पायरीवर, कंदिलाच्या शेजारी उभ्या खांबाला टेकून बसला. भिवाजी मागं झाडापाशी उभा होता, पाठ करून.

आवाज यायला फार वेळ लागला. आला तो इतका थकलेला होता, की कुलदीपनं दातांत मनगट धरलं. वळणावरून... मग खडकांपाशी... मग मधल्या धारेत. बांबू तळाला लागायचा, घसरायचा, पुन्हा लागायचा. धुक्यात आता काहीतरी दिसत होतं. उभं, वाकलेलं, माणसाएवढं. आणखी थोडं जवळ आलं असतं तर तोंड दिसलं असतं. तेवढ्यासाठी तर कुलदीप इतके दिवस थांबला होता.

त्यानं किल्लीवर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला. "गोधडी घेऊन जाऊन राहिलो मी. आई बरी हाय. मी पाहीन तिले... तू थकला. नको येऊ आता."

वात त्यानं खाली नेली, जराशी वर आणली. सांगून विझवायचा म्हणून. मग खाली नेली आणि विझवली.

मधल्या धारेत बांबू थांबला. नदी थांबल्यासारखी वाटली. त्या अंधारात कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे, हे कुलदीपला उन्हासारखं स्पष्ट कळत होतं. मग लांबट घडी पाण्यावर वळली, आणि बांबूचा आवाज प्रवाहाबरोबर खाली निघाला. सैल, हलका, अजिबात न थकलेला. वळणापाशी तो संपला तेव्हा संत्र्याचा वास एकदा जोरात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गोधडी घरी नेऊन आईला दिली. तिनं ती नाकाशी धरली आणि रात्री अंगावर घेतली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण थंडी ओसरता ओसरता कुलदीप पुन्हा कॅम्पवर गेला, नोकरीला. तिगावचा पोट्टा टिकला नव्हता. मॅडमनी गुणवंताचा खिळा त्याला दिला, कंदील मात्र नवा. भिवाजीनं त्याला डोंगा शिकवला. म्हणाला, हात भावाचाच हाय.

एकदा संध्याकाळी तो केतकी नावाच्या एका पाहुणीला पाणमांजरं दाखवून परत आणत होता. अर्ध्या पाण्यात तिनं मागं वळून विचारलं, "त्या काठाला कोण राहतं?"

"कोणी नाई. जंगल हाय."

"मग तो दिवा?"

कुलदीपनं मागं पाहिलं. आत्ताच सोडलेल्या मचाणाखाली, माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक कंदील लटकत होता. पिवळा, स्थिर. इकडच्या घाटावर भिवाजीनंही तो पाहिला होता. डोंगा घाटाला लागल्याबरोबर कुलदीपच्या हातातला बांबू त्यानं स्वतःकडे घेतला आणि डोंगा दोनदा साखळीनं बांधला.

सकाळी पाहिलं तर मचाणाला खिळासुद्धा नव्हता.

तेव्हापासून संध्याकाळी कुलदीपनं मचाण सोडून डोंगा परत वळवला की तिकडे दिवा लागतो. दुसरा नावाडी गेला तर लागत नाही. कुलदीप परत येतो, घाटावरचा आपला कंदील उतरवतो, आपल्या हातानं विझवतो. तिकडचा तेवढा जळत राहतो. त्या काठावरून पाहिलं तर बाहेर गेलेला कुलदीपच, तो कंदील त्याच्याच नावाचा. आणि ज्याच्या नावाचा कंदील, त्यानंच जाऊन उतरवायचा असतो.

तो उतरवायला कुलदीप अजून गेलेला नाही. पायरीवर बसून नुसता पाहतो. कधी कधी त्या काठावर वात हळूच खाली जाते, जराशी वर येते. विझत मात्र नाही.