दहा पायऱ्या खाली

देवळाच्या दारात भाविकांच्या चपला सांभाळायचं काम माझं. त्या सकाळी एकाने रंगाने माखलेल्या चपला पुढे केल्या आणि ओला निळा डाग थेट माझ्या ओढणीवर पडला. वर म्हणतो कसा – “शोभतोय तुम्हाला.”

“चपलांसोबत जीभही इथेच ठेवून जा.”

तो हसला. पेंटर होता, दाराशेजारच्या भिंतीवरची देवीची कथा नव्याने रंगवायला आला होता. मी त्याला चपलांच्या एकेचाळीस नंबरच्या खणाचा बिल्ला दिला. ते पाचही दिवस तो खण दुसऱ्या कुणालाच दिला नाही... का, ते विचारू नका.

शिडीवरून त्याचे प्रश्न चालूच असायचे.

“देवी रुसून टेकडीवर आली, देव मागोमाग आला, इथवर ठीक. पण तो दहा पायऱ्या खाली का थांबला?”

“‘तू बोलावल्याशिवाय वर येणार नाही’ म्हणाला. म्हणून त्याचं देऊळ खाली, तिचं वर.”

“आणि तिने बोलावलंच नाही?”

“मानी आहे ती.”

“देवी ना?” त्याने मिश्किलपणे विचारलं.

मी उगाच चपला झटकायला घेतल्या. ‘जीव गेला तरी ही आधी बोलायची नाही,’ असं आई माझ्याबद्दल सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते.

पाचव्या दिवशी कथेची शेवटची ओळ रंगवून झाली. दुपारच्या बसने तो जाणार होता.

“येतो मग,” म्हणाला... आणि थोडा रेंगाळला.

मला किती काय काय बोलायचं होतं. मान खाली घालून मी एवढंच म्हटलं, “या.”

तो गेला. डोळे पुसून खणांकडे वळले, तर – एकेचाळीसमध्ये चपला तशाच. टेकडीखाली बसचा हॉर्न वाजला.

चपला उचलून मी पायऱ्यांशी धावले. दहा पायऱ्या खाली, देवाच्या ओट्यावर तो पाठमोरा बसला होता. अनवाणी. चपला खाली नेऊन, न बोलता पुढ्यात ठेवता आल्या असत्या. पण मी तिथेच उभी राहिले.

“पेंटर... वर ये ना.”

चार भाविक वळून बघायला लागले. बघू देत.

तो एकेक पायरी चढत आला.

“चपला विसरलास,” मी म्हटलं.

“विसरलो नव्हतो. बोलावल्याशिवाय वर यायचं नाही, हे मीच रंगवलंय ना.”

“आणि बोलावलं नसतं तर?”

“बसलो असतो. देवाची सोबत होती.”

“मला तू आवडतोस,” मी म्हटलं. आधी मीच म्हटलं. आईचा विश्वास बसणार नाही.