नमुनाचित्र

"मॅडम, ही कोण आहे?"

प्रतिमाकक्षातले शिरस्त्राण खुंटीला अडकवून हर्षदाने एक फोटो पुढे केला. शर्वरी टिपणीस यांनी तो लगेच ओळखला. पेट्रोल पंपाचा गणवेश, खांद्यावर नारिंगी फडके. मागच्या वर्षी वारलेली हर्षदाची आई.

"अगं, असं काय विचारतेस? तुझी आई ना ही!"

"बाबाही तेच म्हणतात. पण मला ही बाई आठवतच नाही, मॅडम. माझी आई हिरवी साडी नेसायची. हनुवटीवर तीळ होता. दोन्ही हात पदरात गुंडाळून दारात उभी राहायची."

हिरवी साडी, तीळ, दार. ती तर शर्वरीबाईंची स्वतःची आई होती.

मुलांना कवितेतल्या प्रतिमा उलगडून दाखवणे हे मराठीच्या शिक्षकाचे जुने दुखणे. प्रतिमादर्शक आला आणि ते बरे झाले असे सगळ्यांना वाटले. मुलाने डोक्यावर शिरस्त्राण चढवून ओळ वाचायची, की त्याच्या मनात उमटलेले चित्र पडद्यावर दिसे. आता चित्र दिसते म्हटल्यावर त्याला गुण द्यायला हवेत, आणि गुण द्यायचे तर नमुना उत्तर हवे! रसग्रहणाचेही नमुना उत्तर पाठ करून मोठी झालेली माणसे आपण. यात काही वावगे आहे हे कुणाच्या डोक्यातही आले नाही. 'आई परतली तेव्हा तिच्या पदरात संध्याकाळ होती' या ओळीसाठी अभ्यासक्रम समितीने शर्वरीबाईंच्या मनातले चित्र निवडले, तेव्हा त्यांनी शिक्षकखोलीत पेढे वाटले होते. ज्याचे चित्र चुके, त्याला ते नमुनाचित्र जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा दाखवले जाई. हर्षदाचे आज अगदी तंतोतंत जुळले होते.

तिचा हात धरून शर्वरीबाई जवळजवळ धावतच खाली यंत्रशाळेत गेल्या. यंत्र बसवणारे मेंदूशास्त्रज्ञ डॉ. मुजावर चहा पीत होते. सगळे ऐकता ऐकता त्यांचा कप बशीत गेला आणि तिथेच राहिला.

"आठवण कपाटातल्या वस्तूसारखी नसते, टिपणीस मॅडम," ते म्हणाले. "आठवली की ती ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि थोड्या वेळाने पुन्हा घट्ट होते. त्या मधल्या वेळात जो ठसा उमटेल तो कायमचा. पोरीने ओळ वाचली, तिला आई आठवली, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण तिला तुमची आई दाखवली. तीही पुन्हा पुन्हा."

"मी तिला कविता शिकवत होते हो!"

"शिकवलीच. फार चांगली शिकवली."

शर्वरीबाईंना एका जागी उभे राहवेना. खिडकीपाशी जा, टेबलापाशी या, असे त्यांचे चालले होते. "तिचं पहिलं चित्र कुठे आहे? चुकलेलं?"

"आहे. मुलं कुठे चुकतात ते कळावं म्हणून चुकलेली सगळी उत्तरं आपण जपून ठेवतो."

आठवण परत मऊ व्हावी म्हणून हर्षदाने पुन्हा ओळ वाचली आणि पडद्यावर तिचेच जुने चित्र आले. वर लाल शेरा होता: 'अयोग्य. पदर नाही.' खाली पंपावरून सायकल हातात धरून येणारी बाई, खांद्यावरच्या नारिंगी फडक्याने कपाळ पुसणारी. चित्र पुन्हा दाखवले, पुन्हा दाखवले. मग एकदम तिचा बांध फुटला.

"आई! हाताला पेट्रोलचा वास यायचा तिच्या. साबणाने घासले तरी जायचा नाही. मी कशी विसरले, मॅडम?"

शर्वरीबाईंनी तिला पोटाशी धरले. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. त्या मुजावरांना म्हणाल्या, "वाचली हो पोर. आता माझी आई माझ्याकडे आणि तिची तिच्याकडे."

मुजावरांनी गार झालेला कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"काय झालं, सर?"

"नमुनाचित्र म्हणजे तुमचं मूळ चित्र नव्हे, मॅडम. समितीने ते साफसूफ केलं होतं. तुमच्या आईच्या हातात काहीतरी होतं, मुलांचं लक्ष विचलित होईल म्हणून ते काढलं आणि हात पदराखाली झाकले. आणि ते चित्र प्रत्येक तासाला मुलांबरोबर तुम्हीही पाहिलंत."

"मग माझं मूळ चित्र दाखवा!"

"ते नाही. आपण फक्त चुकलेली उत्तरं ठेवतो. तुमचं बरोबर होतं."

हर्षदाने ओढणीने डोळे पुसले आणि मान वर करून विचारले, "मॅडम, तुमच्या आईचे हात कसे होते?"

शर्वरीबाईंनी सांगायला तोंड उघडले. त्यांना हिरवा पदर आठवला, अगदी काठासकट. तो बाजूला सारायचा त्या खूप वेळ प्रयत्न करत राहिल्या.