लिंडोसच्या वरच्या पायऱ्या

क्रांतीनं ग्रीसचं ऱ्होड्स बेट कधी पाहिलं नव्हतं. पण सांगलीच्या ट्रॅव्हल ऑफिसात बसून तिनं ते कितीतरी नव्या जोडप्यांना दाखवलं होतं. सरदारांची दगडी गल्ली, बंदरावरच्या जुन्या पवनचक्क्या, लिंडोसचा गड अन् गडावरचं अथेनादेवीचं देऊळ... सगळं तोंडपाठ. जोडपी हसत निघून जात, आणि संध्याकाळी ती भाड्याच्या खोलीवर एकापुरता भात लावी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मार्चातल्या एका दुपारी समोरच्या खुर्चीत एक उंच, सावळा तरुण येऊन बसला. रविराज, कवठे महांकाळचा. ऱ्होड्सला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. हिवाळ्यात हॉटेल बंद, तेव्हाच काय तो गावी येई.

तिनं परतीच्या तिकिटासाठी त्याचं नाव टाईप केलं आणि सवयीनं विचारलं, "मिसेसचं नाव?"

तो हसला. "ते तुमीच शोधा मॅडम. आमच्या आईला तर घावंना झालंय."

क्रांतीचे कान तापले. "सॉरी हं... माझ्याकडं सगळी जोडीनंच येतात. लिंडोसचा गड पाहिला असेल ना तुम्ही?"

"न्हाई. दरसाल पायथ्यालाच असतोय. पर एकट्यानं बघून, लय भारी हाय म्हणून सांगायचं कुणाला?"

हे तर तिचंच दुखणं! ते लपवायला ती म्हणाली, "पायऱ्यांना भ्याला असाल. गाढवं असतात की तिथं, वर न्यायला."

"आवं, आपल्याकडं गाढवावरनं धिंड काढत्यात! जेजुरी पळत चढणारा गडी हाय मी."

जेजुरी म्हटलं आणि ती उगाच कीबोर्डकडं वळली, तो खिडकीबाहेर बघू लागला. लग्न झाल्यावर नवऱ्यानं नवरीला उचलून खंडोबाच्या गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या, ही रीत दोघांनाही ठाऊक. नको तेव्हा नेमकी तीच आठवली.

दुसऱ्या दिवशी तो विम्याचं विचारायला आला, मग बॅगेच्या वजनाचं, मग उगाचच. आणि एक दिवस "येतो, मॅडम" एवढंच म्हणून ऱ्होड्सला निघून गेला. "थांबा" म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

एप्रिल सरला. फोन नाही, निरोप नाही. खोली आधीही रिकामीच होती, पण आता ती खायला उठायची. तो तिला आवडला होता... त्याला सोडून हे खोलीच्या चारी भिंतींना माहीत होतं.

मे महिन्यात, समोर एक नवं जोडपं बसलेलं असताना, फोनवर व्हिडिओ आला. निळा समुद्र, पांढऱ्या दगडी पायऱ्या, वर देवळाचे खांब, आणि धापा टाकणारा ओळखीचा आवाज —

"गड चढलो, मॅडम. पर सगळा न्हाई... वरच्या पाच पायऱ्या तशाच ठिवल्यात. त्या एकट्यानं चढायच्या नसत्यात. तुमी येताय?"

"मॅडम, लय उंच हाय का हो त्यो गड?" समोरच्या नवरीनं विचारलं.

"हाय," क्रांती म्हणाली, आणि तिनं डोळे पुसले.

हॉटेलचा हंगाम हिवाळ्याआधी संपत नाही, हे तिला ठाऊक होतं. तोवर भात एकापुरताच लागणार होता. तरी तिनं लिहिलं —

"येते. पण आधी आईंना घेऊन कडेगावला, माझ्या आई-वडिलांकडं या. त्यांना सांगा, नाव घावलं."